पाणी नितळ होईपर्यंत

मित्रांनो, माझे नाव ऐकले की मुले तोंडावर हात धरून खुदखुदतात आणि मोठी माणसे विषय बदलतात. तुम्हीही एकदा मनसोक्त हसून घ्या, म्हणजे मला पुढे बोलता येईल. झाले हसून? मी एक जुना लंगोट आहे. सुती, चौकोनी, दोन कोपऱ्यांना बंद शिवलेला आणि एका कडेला फिकट निळी पट्टी असलेला.

मी काही जन्मापासून लंगोट नव्हतो. मी एका मोठ्या चादरीचा तुकडा. ती चादर बेकरीत काम करणाऱ्या एका तरुणाच्या पलंगावर अंथरलेली असे. तो पहाटे भट्टीवर जाई, दुपारी घरी येई आणि केसांतले पीठ न झटकताच चादरीवर अंग टाकी. त्यावरून त्याची बायको त्याला रोज बोल लावी आणि रोज चादर झटकी. ती गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षिका होती. घाबरलेल्या शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "क्लच हळू सोडा, कुठे पळून जात नाही तो" असे सांगण्यात तिचा दिवस जाई. वर्षानुवर्षे धुऊन आणि वाळून चादर अगदी मऊ झाली, तेव्हा त्यांच्या घरी मुलगी जन्मली. ती एवढीशी होती म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणू लागले.

टिल्लीची कातडी फार नाजूक होती. टोपी घातली की कपाळावर लाल रेघ उमटे. दुकानातले डायपर बांधले की जांघेत पुरळ उठे. आईने एक प्रकार बदलून दुसरा आणला, दुसरा बदलून तिसरा आणला. पुरळ हटेना. शेवटी डॉक्टरबाईंनी तिला उताणी, पालथी करून नीट पाहिले आणि म्हणाल्या, "बऱ्याच बाळांना हे चालतात. हिला चालत नाहीयेत, असं दिसतंय. मऊ सुती कापड वापरून बघा. पण एक लक्षात ठेवा, ओलं झालं की लगेच बदलायचं. कापड म्हणजे जादू नाही."

त्याच दुपारी टिल्लीच्या आईने पलंगावरची चादर ओढून काढली. टिल्लीचे बाबा त्या चादरीवर झोपले होते, त्यांना आधी उठवले.

"नवी चादर आहे का दुसरी?" त्यांनी डोळे चोळत विचारले.

"नाही. गादीवर झोप," ती म्हणाली आणि तिने कात्री चालवली.

असा मी लंगोट झालो. आम्ही सगळी भावंडे एकाच चादरीची. चादरीच्या कडेची निळी पट्टी माझ्या वाट्याला आली, म्हणून मी उठून दिसत असे. आईने आमच्या कडा दुमडून बारीक टाके घातले, बंद शिवले आणि आम्हाला उकळत्या पाण्यातून काढले. मग माझी तिकोनी घडी झाली आणि मी पहिल्यांदा टिल्लीला बांधला गेलो. थोड्याच वेळात तिने मला भिजवले. मित्रांनो, तुम्ही नाक मुरडाल, पण मला त्या वेळी कामावर रुजू झाल्यासारखे वाटले.

आई आम्हाला लगेच बदलायची, साध्या साबणाच्या वडीने धुवायची, भरपूर पाण्यातून काढायची आणि उन्हात वाळत घालायची. हळूहळू पुरळ मावळले. टिल्ली पाय हवेत झाडून हसू लागली. घरात सगळ्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरले. पण तेवढ्यात आईची रजा संपत आली.

आईने पाळणाघर पाहून ठेवले होते. तिथल्या बाई समजूतदार होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितले, "ताई, माझ्याकडे एवढी पोरं. लंगोट बदलायला आणि धुवायला माणूस कुठून आणू? डायपर चालत असेल तर आजच सोडा तिला."

आई टिल्लीला कडेवर घेऊन तशीच परत आली. जेवताना टिल्लीचे बाबा म्हणाले, "वर्षभर नोकरी सोडशील का?"

"सोडली तर माझी गाडी दुसऱ्या कुणाला देतील. परत मिळायची नाही," ती म्हणाली. "आणि मला सोडायची नाहीये."

त्या दिवशी जेवायला टिल्लीचे आजोबा आलेले होते. ते बाबांचे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणत. जन्मभर गवंडीकाम करून ते घरी बसले होते आणि दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटेच राहत होते. ते खाली मान घालून जेवत होते. हात धुवायला उठता उठता म्हणाले, "मी येत जाईन सकाळी."

बाबांचा घास हातातच राहिला. "अण्णा, तुम्ही माझा लंगोट कधी बदललात का?"

"नाही बदलला," आजोबा म्हणाले. "तू लहान होतास तेव्हा मी दिवसभर परांचीवर भिंती बांधत होतो. तुझी आईच सगळं करायची. म्हणून तर म्हणतोय, आता येत जाईन."

दुसऱ्या दिवसापासून आजोबांचे शिक्षण सुरू झाले. शिक्षिका अर्थातच आई. ज्या सुरात ती क्लच शिकवायची, त्याच सुरात तिने लंगोट शिकवला. "घाई नको, अण्णा. आधी घडी. आता तिचे पाय धरा. दोन्ही पाय एका हातात." आजोबांच्या तळव्यांना सिमेंटने भेगा पडलेल्या. बंद बांधताना त्यांची बोटे अडखळत. पहिल्या दिवशी त्यांनी मला इतका सैल बांधला की टिल्लीने लाथ मारताच मी तिच्या गुडघ्याशी आलो. दुसऱ्यांदा बांधायला त्यांनी तिला उचलले आणि टिल्लीने थेट त्यांच्या सदऱ्यावर धार सोडली. आजोबांनी सदऱ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. "बरं," ते म्हणाले, "ओळख झाली म्हणायची."

आई कामावर जाऊ लागली. आजोबा तिच्या निघण्याआधी येत आणि ती परत आल्यावर जात. दिवसभर ते आम्हाला बदलत, मोरीत बसून धूत आणि गच्चीवरच्या दोरीवर ओळीने वाळत घालत. ओळसुद्धा अशी की जणू विटांचा थर रचला आहे. शेजारच्या बायका गच्चीवर आल्या की म्हणत, "अण्णा, तुमचे लंगोट म्हणजे बगळ्यांची रांग हो. आमच्या घरातले शर्टसुद्धा एवढे पांढरे निघत नाहीत."

आजोबांचा चेहरा खुलत असे. आम्हीही फुशारून जात असू. कौतुक कुणाला आवडत नाही?

आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली. आजोबांना वाटे, नातीच्या अंगाला लागणारी वस्तू, तिच्यात कणभर मळ राहता कामा नये. म्हणून त्यांनी साबणाच्या वडीऐवजी पावडर आणली. एका मुठीने भागेल तिथे ते दोन मुठी टाकत. मग त्यांनी दुकानातून एक बाटली आणली. तिच्यावर हसऱ्या बाळाचे चित्र होते आणि आत कपड्यांना वास येण्यासाठी घालायचे गुलाबी पाणी होते. चित्रातले बाळ पाहून आजोबांना ती औषधासारखीच पवित्र वाटली. धुऊन झाले की ते आम्हाला एकदा पाण्यातून काढत आणि शेवटी त्या गुलाबी पाण्यात बुचकळत. आम्ही पांढरेशुभ्र दिसत होतो आणि फुलांच्या दुकानासारखे घमघमत होतो.

टिल्लीचे पुरळ परत आले. आधी जांघेत, मग पाठीच्या खाली. मग एका सकाळी तिथले सालटे निघाले. ती पाय झाडायची बंद झाली. आम्हाला तिच्याजवळ आणले की आम्ही लागायच्या आतच ती रडू लागे. मित्रांनो, ज्याच्या उपयोगासाठी आपण आहोत त्यानेच आपल्याला पाहून रडावे, यासारखे दुःख नाही. मला बोलता येत नव्हते. येत असते तरी काय सांगणार होतो? मलाही काही कळत नव्हते.

टिल्लीच्या बाबांनी सगळा दोष आम्हाला दिला. "कापडाचंच काहीतरी आहे. जुनं कापड, काय काय मुरलेलं असेल त्यात. टाकून दे सगळे."

"आधी ह्याच कापडानं बरं वाटलं होतं," आई म्हणाली.

"तेव्हा वाटलं. आता नाही वाटत. तिच्याकडे बघवत नाही मला."

आईलाही बघवत नव्हते. सुट्टीचा दिवस होता. कामावर कळवावे की आता जमणार नाही, हे तिच्या अगदी ओठावर आले होते. त्याच दिवशी टिल्लीने घाण केली, तेव्हा तिला पुसायला आईने कोमट पाण्याची परात घेतली आणि हाताला लागला म्हणून मला उचलले. मी धुतलेला, वाळलेला, कोरडा होतो. तिने मला परातीत बुडवले.

पाण्याच्या कडेला फेस आला.

आईचा हात थांबला. तिने मला पिळले, तर पाणी पातळ ताकासारखे पांढुरके झाले आणि त्याला गुलाबी बाटलीचा वास आला. तिने परात ओतली, नवे पाणी घेतले आणि माझ्या एका भावाला बुडवले. पुन्हा फेस. मग तिसऱ्याला. तोवर टिल्लीचे बाबाही येऊन उभे राहिले होते.

"हे सगळं तिच्या अंगाला लागत होतं," आई हळूच म्हणाली. "लंगोट ओला झाला की आतला साबण सुटत असणार."

बाबांचा चेहरा लाल झाला. "मी सांगतो अण्णांना."

"तू नको. तुझा आवाज चढेल."

"चढायलाच पाहिजे."

"नाही," आई म्हणाली. "तो माणूस रोज सकाळी जिने चढून येतो. मी सांगते."

मित्रांनो, आईला मी अनेकदा कामाला जाताना पाहिले आहे, पण दुसऱ्या दिवशी ती जितकी तयारी करून उभी होती तितकी कधीच नव्हती. आजोबा आले. त्यांनी नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. आई मोरीत त्यांच्या शेजारी पाटावर बसली, तिने स्वच्छ पाण्याची परात पुढे सरकवली आणि मला त्यांच्या हातात दिले.

"अण्णा, हा जरा बुडवून बघता?"

त्यांनी बुडवला. फेस आला. 

"धुतलेलाच आहे ना हा?"

"हो."

"मी धुतलेला."

"हो, अण्णा. पण संध्याकाळी मीच बांधत होते तिला. वास येत होता, छान वाटत होता. मलासुद्धा कळलं नाही."

आजोबांनी मला पिळले, झटकले आणि बादलीच्या काठावर ठेवले. "मला वाटलं, जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ," ते म्हणाले. मग त्यांनी हात धुतले, दुमडलेल्या बाह्या खाली केल्या, चपला घातल्या आणि ते निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. खाली संस्थेतला माणूस आईची गाडी घेऊन आला होता आणि हॉर्न वाजवत होता. आईने खिडकीतून हात हलवून त्याला परत पाठवले. त्या दिवशी तिने दांडी मारली.

दिवसभर तिने आम्हाला पुन्हा पुन्हा पाण्यातून काढले, पण तिचे लक्ष जिन्याकडे होते. "लागलं असेल त्यांना," ती संध्याकाळी म्हणाली.

"लागणारच," बाबा म्हणाले. आता त्यांचा राग उतरला होता. "अण्णांना कुणी चूक दाखवलेली मी पाहिलीच नाही कधी. मी तर लहानपणी श्वासही जपून घ्यायचो त्यांच्यासमोर."

सकाळ झाली. आईने टिल्लीला दूध पाजले. कामाचे कपडे घालावेत की नाही, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला आणि दारात आजोबा उभे राहिले. डोक्यावर एक भलेमोठे नवे घमेले, आत एक पातेले आणि हातात काचेचा पेला.

"सूनबाई, तू जा कामाला," ते म्हणाले. "भिंत ओळंब्यात सरळ उतरली नाही तर पाडायची आणि पुन्हा बांधायची. त्यात रुसायचं काय?"

"काल तुम्ही फारसं काही न बोलता गेलात."

"बोललो असतो तर रडलो असतो. म्हणून गेलो." त्यांनी घमेले खाली ठेवले. "शिकव आता. किती साबण, किती पाणी. नीट सांग, लाज धरू नकोस."

आईने सांगितले. साबण जेमतेम, सुवास मुळीच नाही, पाणी मात्र भरपूर. आजोबांनी गुलाबी बाटली उचलून माळ्यावर टाकली. मग आम्हाला साध्या पाण्यात उकळले. माझ्या पोटातला जुना साबण फसफसून वर आला. त्यांनी ते पाणी ओतले, पुन्हा उकळले, मग आम्हाला घमेल्यात घेऊन खळबळायला बसले. प्रत्येक वेळी ते पेलाभर पाणी घेत आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरत. पाणी गढूळ दिसले की पुन्हा घमेले भरत. पेल्यातून समोरच्या इमारतीची खिडकी स्वच्छ दिसली, तरच ते आम्हाला पिळत. त्यांचे गुडघे दुखत. उठताना ते भिंतीला हात लावत. पण मधेच सोडून देणे त्यांना ठाऊक नव्हते.

आई टिल्लीला पुन्हा डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. "कारण सापडलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "हे मलम लावा, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवा. पण धीर धरा. सालटं निघालंय, लगेच भरून यायचं नाही."

आणि खरेच, ते लगेच भरून आले नाही. थोडे बरे वाटले की एखाद्या उकाड्याच्या दिवशी पुन्हा लाली दिसे. एकदा दुपारी आजोबांचा डोळा लागला, मी टिल्लीच्या अंगावर ओला राहिलो आणि सकाळचे सगळे श्रम वाया गेले. टिल्लीचे बाबा भट्टीवरून आले तेव्हा आजोबा तिच्यापाशी मान खाली घालून बसले होते.

"अण्णा, राहू दे आता," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्याच्यानं नाही होत. आम्ही करू काहीतरी."

"डोळा लागला ती चूक झाली. उद्यापासून मी खुर्चीत नाही बसणार, जमिनीवर बसेन," आजोबा म्हणाले. "पण सोडणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही. तुला पाहिजे तर ये धुवायला."

 बाबांच्या अंगावर पीठ होते, डोळ्यांत झोप होती. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोरीत वडिलांसमोर बसले. आजोबांनी टिल्लीचे मोठे दुपटे पाण्यातून काढले, एक टोक स्वतः धरले आणि दुसरे मुलाकडे दिले. दोघांनी ते उलट्या बाजूंनी पिळले. पाणी घमेल्यात पडत राहिले.  मी बादलीत पडून पाहत होतो. बाप-लेकांनी मिळून केलेले ते पहिलेच काम असावे, असे मला वाटले.

"घट्ट धर," आजोबा म्हणाले.

"धरलंय, अण्णा."

आता आम्ही पूर्वीइतके पांढरे राहिलो नाही. दोन मुठी पावडर नाही, गुलाबी पाणी नाही. आमचा रंग थोडा राखाडी झाला. गच्चीवरच्या बायकांच्या ते लगेच लक्षात आले. "अण्णा, आताशा लंगोट मळकट दिसतात हो."

"दिसू देत," आजोबा म्हणाले. "लंगोट बांधायला असतात, बघायला नाही."

ऊन आले की ते टिल्लीला खिडकीपाशी आमच्यावर उघडी निजवत आणि जवळ बसून राहत. तिथे ती पहिल्यांदा पालथी पडली. तिथेच एका सकाळी आईने तिचा लंगोट सोडला, तिला उजेडात आणून वाकून पाहिले आणि आजोबांना हाक मारली. कातडी सगळीकडे सारखी झाली होती. ना लाली, ना सालटे. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून पाहिले. मग मला उचलून घडी घातली. आता त्यांना घडी घालताना खाली बघावे लागत नव्हते. आई त्या दिवशी निघाली तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्याचा आवाज आला.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. टिल्ली रांगू लागली तेव्हा मी तिच्या गुडघ्याशी लोंबत असे. ती चालू लागली तेव्हा मला मागे टाकून पळत असे. मग एक दिवस तिला माझी गरज उरली नाही. आम्हा भावंडांची पांगापांग झाली. एक फडताळ पुसायला गेला, एक सायकलच्या साखळीला तेल लावायला, एक फाटला. आमच्याकडे कुणी वळून पाहिले नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण नीट विचार केला तेव्हा पटले की माझी गरज संपणे हेच माझे काम पुरे होणे होते.

मला टिल्लीच्या आईने तिच्या गाडीत नेले. मी आता इतका विरलो आहे की माझ्यातून आरपार दिसते. टिल्ली शाळेत जाते. आजोबा तिला पोचवायला जातात, हळूहळू चालतात आणि वाटेत तिच्याशी भांडतात.

मित्रांनो, जाता जाता एवढेच मागतो. तुमच्या घरी लहान भावंड आले आणि मोरीत लंगोटांची बादली दिसली तर नाक धरून पळू नका. एखादा बदलायला शिका आणि तो स्वच्छ पाण्यातून काढायला विसरू नका. माया करताना हात सढळ ठेवा, पण ज्याच्यावर माया करता त्याच्याकडे बघतही राहा. आणि कुणाची चूक सापडली तर त्याच्यासमोर उभे राहून ओरडू नका. त्याच्या शेजारी पाट घेऊन बसा आणि दाखवा. माणूस निघून जाईल असे वाटते, पण तो घमेले घेऊन परत येऊ शकतो.

आता मला निघायला हवे. बाहेर गारठा आहे, काचेवर धुके साचले आहे आणि नवा शिकाऊ माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसला आहे. "घाबरू नका," आई त्याला सांगते आहे, "आधी समोरचं नीट दिसू द्या." तिचा हात माझ्याकडे येतो आहे.